वारा हाताने वळवायचा की स्क्रीनवरून?

गेल्या पावसाळ्यात माणगावहून ताम्हिणी घाटाने पुण्याला येत होतो. भाच्याची नवीकोरी गाडी. आत आम्ही पाच जण, त्यातले तिघे रस्त्याकडेच्या धबधब्याखाली यथेच्छ भिजून आलेले. घाट चढायला लागून पाच मिनिटंही झाली नसतील, समोरची काच दुधासारखी पांढरी झाली. मी पुढच्या सीटवर होतो. काचेवर बोट ओढलं, रेघ उमटली. म्हणजे वाफ आतल्या बाजूने धरली होती. यावर उपाय सोपा असतो. एसी चालू आणि वारा काचेवर. भाच्याने स्क्रीनला बोट लावलं. नकाशा बाजूला झाला, पंख्याचं चित्र आलं. पंख्याला बोट लावलं तर सीटवर बसलेल्या माणसाची आकृती आली, तिच्या तोंडाकडे, पायांकडे आणि काचेकडे जाणारे तीन बाण. वरच्या बाणावर त्याचं ओलं बोट तीनदा पडलं आणि तिन्ही वेळा स्क्रीनने काही मनावर घेतलं नाही. "मामा, तू बघ ना जरा." माझंही बोट ओलंच. शेवटी मागून ताईने पुढे झेपावून पदराने काच पुसली, तेव्हा वळणावरून उतरणारी लाल एसटी दिसली. ती तिच्या बाजूने येत होती. आम्ही मात्र मधली रेघ ओलांडून हातभर तिच्या हद्दीत गेलो होतो. एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्नही वाजवला नाही. खिडकीतून मान काढून नुसतं आमच्याकडे बघितलं.

मी तेवीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात गाड्यांच्या डॅशबोर्डचं प्लास्टिक बनवण्यात घालवली. त्यातली निम्मी तरी वर्षं एकाच क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूत गेली: एसीचा वारा जिथून येतो ती जाळी. कारखान्यात आम्ही तिला व्हेंट म्हणायचो, घरोघरी तिला जाळीच म्हणतात. त्यामुळे त्या संध्याकाळी मला भाच्यापेक्षा जास्त राग आला तो माझ्याच जातभाईंचा. काचेवर वारा सोडायला एके काळी एक खटका होता. तो उजवीकडे ढकलला की काम झालं. चेहऱ्यावरचा वारा बाजूला करायचा तर जाळीतल्या पात्याला अंगठा लावायचा, बस्स. दोन्ही कामं अंधारात, ओल्या हाताने, रस्त्यावरची नजर न हलवता व्हायची. ती कामं आता काचेच्या पाटीत शिरत चालली आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. गाडीतल्या वाऱ्याची दिशा आणि जोर हाताने, न बघता बदलता आला पाहिजे आणि हे सक्तीचं असलं पाहिजे. मोटारीत, ट्रकमध्ये आणि एसी बसमध्येही. हा कंपनीच्या मर्जीचा किंवा फॅशनचा मामला नाही.

वारा आपल्याला हवा तसा वळवायची सोय मोटारीत आपोआप आलेली नाही. मुंबईतल्या जुन्या पद्मिनी टॅक्सीत पुढच्या दाराला एक त्रिकोणी काच असायची, आठवत असेल. खिटी काढून ती काच थोडी तिरकी केली की धावत्या गाडीचा वारा थेट गळ्याशी यायचा, आणखी तिरकी केली की तोंडावर. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ती पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून कायमची उतरली, तेव्हा लोकांनी तिच्या काळ्या-पिवळ्या रंगावर आणि मीटरवर हळहळत लिहिलं. त्रिकोणी काचेबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही. माझ्या मते त्या गाडीतली सर्वात शहाणी वस्तू तीच होती.

कारखान्यातून एसी बसवून आलेली पहिली मोटार 1940च्या मॉडेलची पॅकार्ड. अमेरिकेतली श्रीमंती गाडी. तिचं एसीचं यंत्र मागे डिकीत होतं आणि ते बंद करायला बटण नव्हतं. थंडी वाजायला लागली तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा! तो प्रयोग दोनेक वर्षांत गुंडाळला गेला, यात नवल नाही. मग 1964च्या शेवटी ब्रिटनमध्ये फोर्डने सुधारलेली कॉर्टिना आणली. तिच्या डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांना डोळ्याच्या बुबुळासारखे फिरणारे दोन गोल होते आणि मागच्या खांबात हवा बाहेर जायला फटी. काच न उघडता ताजी हवा पुढून आत, मागून बाहेर, आणि आत आलेली हवा कुठे सोडायची ते बसणाऱ्याच्या बोटाशी. तिला एरोफ्लो म्हणत. आज प्रत्येक गाडीत जे दिसतं त्याचं मूळ तिथे आहे. थंड हवा बनवता येणं ही एक गोष्ट आणि ती माणसाच्या हाती देणं ही दुसरी, आणि दुसरीला पहिलीपेक्षा वीसेक वर्षं जास्त लागली.

जाळी हातात घेऊन उघडली की आत काय असतं ते सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिच्याकडे कधी नीट बघितलेलं नसतं. पात्यांचे दोन थर असतात, एकापुढे एक, काटकोनात. पुढची पाती आडवी, ती वारा वर-खाली करतात. मागची उभी, ती डावीकडे-उजवीकडे. मागच्या सगळ्या उभ्या पात्यांना एक बारीक पट्टी जोडलेली असते, तिला लिंक म्हणतात. एक पातं हललं की सगळी हलतात, कवायतीतल्या पोरांसारखी. पुढच्या मधल्या पात्यावर जी सरकणारी गुंडी असते तिला मागून चिमटा असतो, आणि तो मागच्या एका उभ्या पात्याला धरून असतो. म्हणून एकाच गुंडीने चारी दिशा मिळतात. शेजारच्या दातेरी चाकाला जोडलेली एक झडप आत असते, ती वारा पार बंद करते.

एवढंच. तरी आमच्या टूलरूममध्ये सर्वात जास्त भांडणं याच भागावर व्हायची. पातं सैल झालं तर खडीच्या रस्त्यावर आपोआप खाली मान टाकतं आणि खडखडतं. कडक झालं तर म्हातारा माणूस अंगठ्याने जोर लावतो आणि टोकाची बारीक खिटी कटकन तुटते. म्हणून गुंडीच्या पोटात मऊ रबराचा एक तुकडा दडवलेला असतो, तो पात्याला घासत राहतो. तुम्हाला हाताला जे लोण्यासारखं सरकणं जाणवतं ते त्या तुकड्याचं. मे महिन्यात चंद्रपुरात बाहेर 45 अंश असताना बंद गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही. तिथे लांब, पातळ पातं पापडासारखं वाकतं. म्हणून प्लास्टिकमध्ये काचेचे तंतू घालायचे, मग ते ताठ राहतं, पण मोल्डमधून निघताना पीळ खातं. ट्रायलचा पहिला शॉट निघाला की पात्याच्या कडेची फ्लॅश, म्हणजे मोल्डच्या फटीतून आलेलं जादा प्लास्टिक, ब्लेडने खरवडायची, जाळी जुळवायची आणि मग आमच्या तपासणीच्या टेबलावरच्या ताई एक गोष्ट करायच्या, ती कुठल्याही ड्रॉइंगवर लिहिलेली नव्हती. त्या दुसरीकडे बघत, शेजारणीशी गप्पा मारत गुंडी फिरवायच्या. हात अडला की ती जाळी बाजूला. मोजमापाचा कागद कितीही हिरवा असो.

हे इतक्या तपशिलाने सांगायचं कारण असं, की जाळीची सगळी करामत न बघता वापरता यावी यासाठीच होती. अंगठ्याला गुंडी कुठे आहे ते कळतं, ती किती वळली ते कळतं आणि वारा गालाला लागून काम झाल्याचं उत्तर लगेच येतं. स्क्रीनवर यातलं फक्त तिसरं उरतं.

टेस्लाने 2017 साली मॉडेल 3 आणली तेव्हा डॅशबोर्डवर जाळीच नव्हती. डावीकडून उजवीकडे एक लांब फट, आणि दिशा बदलायची ती मधल्या मोठ्या स्क्रीनवर बोट फिरवून. आत मोठी हुशारी आहे, हे मान्यच करायला हवं. एका मोठ्या झोताला दुसरा छोटा झोत खालून-वरून ढकलतो आणि वाऱ्याला वळवतो, पातं दिसतच नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाने बघून टोपी काढावी अशी ती रचना आहे. दोन वर्षांनी पोर्शने टायकान आणली, तिच्यातही जाळ्यांची दिशा स्क्रीनवरून. मग लाटच आली. जुलै 2025मध्ये टेस्लाचं शोरूम वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं, पण त्याआधीच आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांनी बटणं कमी करून पंखा, तापमान, वाऱ्याची दिशा स्क्रीनमध्ये ढकलायला सुरुवात केली होती. जाळ्याही बारीक होत फटी झाल्या. डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो म्हणे. नळाला बोट लावून बघा म्हणजे कळेल: तोंड लहान केलं की पाणी जोराने आणि आवाज करत येतं. तेवढाच वारा बारीक फटीतून ढकलायचा तर पंख्याला जास्त ओरडावं लागतं. मग मागच्या सीटवरची आजी म्हणते, आवाज तेवढा येतोय, वारा काही येत नाही.

याच्या धोक्याबद्दल नुसतं माझं मत ऐकू नका. स्वीडनमधल्या वि बिलॅगारे या मोटार मासिकाने 2022 साली एका मोकळ्या धावपट्टीवर साधी चाचणी घेतली. ताशी 110 किलोमीटर वेगात ड्रायव्हरने काही ठरावीक कामं करायची: सीटची ऊब चालू करणं, तापमान दोन अंशांनी वाढवणं, काचेवरची वाफ घालवणं, रेडिओ लावणं अशी. गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिलेला. बारा गाड्यांत पहिली आली ती 2005 सालची व्होल्वो व्ही70, सगळी बटणं असलेली. तिला 10 सेकंद लागले, म्हणजे 306 मीटर. सर्वात मागे राहिलेल्या नव्या स्क्रीनवाल्या एमजी मार्व्हल आर गाडीला जवळपास 45 सेकंद लागले. तेवढ्या वेळात ती 1,372 मीटर गेली होती.

अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने 2013 साली कंपन्यांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत एका नजरेला दोन सेकंद आणि सगळ्या कामाला मिळून बारा सेकंद अशी मर्यादा सुचवली होती. ती बंधनकारक मात्र नव्हती. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी 100ची मर्यादा आहे. त्या वेगात दोन सेकंद म्हणजे 55 मीटर. पुढचा कंटेनर अचानक थांबायला तेवढं अंतर पुरतं.

जर्मनीत तर हे कोर्टात गेलं. मुसळधार पावसात एका टेस्ला ड्रायव्हरने वायपरचा वेग बदलायला स्क्रीनकडे पाहिलं, गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. कार्ल्सरूहच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने मार्च 2020मध्ये सांगितलं, की गाडीतच बसवलेला असला तरी तो स्क्रीन म्हणजे इलेक्ट्रॉनिक उपकरणच, आणि चालवताना ते वापरण्यावरचे निर्बंध त्यालाही लागू. दंड 200 युरो आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. निकाल कायद्याने बरोबर असेल, पण मला तो अर्धाच न्याय वाटतो. ज्याने वायपर स्क्रीनमध्ये नेऊन ठेवला तो सुटला आणि पावसात वायपर लावणारा अडकला.

आपल्याकडे तर ड्रायव्हरने मोबाइल हातात धरला की चलन, आणि मोबाइलच्या दुप्पट आकाराचा स्क्रीन कंपनीनेच डोळ्यासमोर लावून दिला की ते फीचर, वर त्याचे चाळीस हजार जास्त.

उलट्या बाजूची माणसं मूर्ख नाहीत. त्यांच्याशी मी कारखान्यात वर्षानुवर्षं वाद घातला आहे. पहिलं त्यांचं म्हणणं असं, की स्क्रीनवरून चालवलं तर पुढे बसलेल्या आईला मागच्या बाळाच्या चेहऱ्यावरचा झोत हलवता येतो. खरं आहे. ज्याचा हात जाळीपर्यंत पोचत नाही किंवा बोटं वळत नाहीत अशा माणसाला आवाजाने सांगून वारा वळवता आला तर तो मोठाच उपकार. दुसरं, गाडीला प्रत्येक ड्रायव्हरची आवड लक्षात ठेवता येते. तिसरं मला सर्वात वजनदार वाटतं: स्वयंचलित एसी नीट चालला तर हात लावायची वेळच येऊ नये.

या तिसऱ्याचं उत्तर शोधायला मला मराठी घर पुरतं. एकाच गाडीत आजीच्या कानात वारा जातो म्हणून तिने पदर घट्ट लपेटलेला, नातवाला घाम आलेला, वडिलांना झोत डोळ्यांवर नको आणि आईला मायग्रेन. तापमान एकच, 24. चौघांची भांडणं तापमानाची नसतातच मुळी. वारा अंगाला कुठे लागतो आणि किती जोराने, याची असतात. उन्हाची बाजू डावीकडून उजवीकडे बदलली, की हिशेब पुन्हा नव्याने. सेन्सर ऊन मोजू शकतो, आजीचा कान मोजू शकत नाही. आणि ताम्हिणीसारख्या ठिकाणी तर एकाच घाटात दोनदा उलटसुलट करावं लागतं. भिजलेली माणसं आत असली की काच आतून धुरकटते, तेव्हा वारा काचेवर हवा. तोच गार वारा तिथे फार वेळ राहिला की काच थंड पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बाहेरून बसते. तेव्हा वायपर मारायचा आणि वारा काचेवरून काढायचा. कोकणात पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला हे पाठ असतं. आत की बाहेर हे बोटानेच कळतं.

म्हणून मी स्क्रीन काढा म्हणत नाही. आवाजाने चालवा, लक्षात ठेवा, आईला मागची जाळी हलवू द्या. त्याच्या जोडीला एक गुंडी ठेवा. फोक्सवॅगनने हे कबूलही केलं आहे: त्यांच्या गोल्फ आणि आयडी गाड्यांतल्या स्पर्शाच्या पट्ट्यांवर लोक इतके वैतागले की 2025मध्ये त्यांच्या डिझाइन प्रमुखांनी आवाज, दोन्ही बाजूंचं तापमान, पंखा आणि धोक्याचे दिवे यांना पुन्हा खरी बटणं देण्याचं जाहीर केलं. अमेरिकी नौदलाची गोष्ट याहून दुःखाची. ऑगस्ट 2017मध्ये सिंगापूरजवळ त्यांची जॉन मॅकेन ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळून दहा खलाशी गेले. चौकशीत सुकाणूच्या टचस्क्रीनमधला गोंधळ पुढे आला आणि नौदलाने आपल्या जहाजांवर पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवायचं ठरवलं.

युरोपातली सुरक्षा तारांकन संस्था, युरो एनकॅप, 2026पासून पूर्ण गुण मिळवायला काही कामांसाठी वेगळी, हाताला लागणारी बटणं मागते: वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक. वारा आणि काचेची वाफ त्या यादीत नाहीत. थंड देशातल्या माणसाने यादी केली असावी असं मला थट्टेने वाटतं, पण वाफेचं तर त्यांनाही कळायला हवं होतं. अमेरिकेत पुढच्या काचेवरची वाफ आणि बर्फ घालवणारी यंत्रणा गाडीत हवीच असा नियम आहे. यंत्रणा हवी, पण ती न बघता चालू करता आली पाहिजे, हे त्यात येत नाही. जाळीच्या कडा किती गोल हव्यात, डोकं आपटलं तर ती टोकदार फुटता कामा नये, याचे नियम जगभर आहेत, आम्ही ते पाळतच भाग बनवायचो. म्हणजे अपघात झाल्यावर जाळीने तुम्हाला इजा करू नये याची काळजी कायद्याने घेतली आहे. जाळीकडे बघण्याच्या नादात अपघात होऊ नये, हे राहिलं.

आपल्याकडची तशीच तारांकन योजना, भारत एनकॅप, ऑक्टोबर 2023मध्ये सुरू झाली. तिचे तारे मोठ्या माणसांचं संरक्षण, मुलांचं संरक्षण आणि सुरक्षा साहाय्याची साधनं यांवर ठरतात. त्यात एक पान वाढवायला फार संशोधन लागणार नाही. पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगावर 1966पासून उभी असलेली एआरएआय ही संस्था देशाच्या वाहनांची मानकं लिहिते आणि तपासते. तिथल्या एका खोलीत गाडी उभी करा, ड्रायव्हरसमोर पडद्यावर रस्ता चालवा, हात ओला करा आणि सांगा: काचेवर वारा सोड, चेहऱ्यावरचा झोत बाजूला कर, जाळी बंद कर. नजर किती वेळ रस्त्यावरून हटली ते मोजा. दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर तारे कापा. ओला हात मात्र विसरू नका, कृपया.

खर्चाचा मुद्दा उरतो. गुंडीची जाळी म्हणजे लहान-मोठे वीस-पंचवीस भाग, त्यांचे मोल्ड, त्यांची जुळणी. हे महाग पडतं, हे मला कुणी सांगायला नको. पण मोटरने चालणाऱ्या जाळीत हे भाग जात नाहीत, वर मोटर आणि वायरिंग येतं. पैसे वाचतात ते बहुतेक खटके, फिरवायची बटणं आणि त्यांच्या वायरी काढून टाकल्यामुळे. आणि ती बचत गाडीच्या किमतीत उतरलेली मला तरी कुठे दिसली नाही. उलट बिघाडाचा भार गिऱ्हाइकावर. जाळीचं पातं लोकांच्याच कर्माने तुटतं, हे खरं. त्यावर मोबाइलचा चिमटा लावतात, अत्तराची बाटली लावतात, पोरं नाणी ढकलतात. पण तुटलेलं पातं काही रुपयांचं असतं आणि दुकानात मागायला जा, पातं मिळत नाही. जाळी मिळते, काही गाड्यांत तीही सुटी नाही, अख्खं पॅनेल घ्या म्हणतात. मोटरवाली असेल तर विचारूच नका. केंद्र सरकारने डिसेंबर 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनं हे क्षेत्र आहे. पात्याची आणि गुंडीची सुटी विक्री त्या हक्कात बसवायला कुणाचा विरोध असायचं कारण नाही. विरोध होईल, ते वेगळं.

मोटारीवर इतका वेळ थांबलो, कारण धोक्याचे आकडे तिथले आहेत. खरी अडचण मात्र गाडी विकत न घेणाऱ्यांची जास्त आहे.

पुणे-नागपूर स्लीपर बसने रात्री गेलेल्या माणसाला विचारा. बर्थच्या वर एक गोल तोटी असते, ती फिरवून वारा हवा तिकडे करायचा, आणखी फिरवली की बंद. विमानात असते तशीच. नवी बस असेपर्यंत ती चालते. वर्षभरात तिचं बुबुळ निघतं आणि तिथे उरतं ते भोक, ज्यातून रात्रभर सरळ कपाळावर बर्फासारखी हवा पडते. मी एका खासगी गाडीत अहिल्यानगर गेल्यावर उठून बघितलं: ओळीने बारा बर्थपैकी नऊ भोकांत काही ना काही कोंबलेलं होतं. पडद्याचं टोक, वर्तमानपत्राचा बोळा, वेफर्सची पिशवी, एका ठिकाणी लहान मुलाचा मोजा. पुढून क्लीनरला सांगितलं तर तो म्हणतो, एसी कमी केला तर मागचे ओरडतात. तोही खोटं बोलत नव्हता. चाळीस माणसांच्या थंडीचं एकच बटण एकाच्या हातात दिल्यावर दुसरं काय होणार? बसच्या बांधणीची मानकं आपल्याकडे आहेत, स्लीपरची वेगळी आहेत. फिटनेसला गाडी जाते तेव्हा दिवे, ब्रेक, अग्निशामक बघतात तशी प्रत्येक प्रवाशाची तोटी फिरते का आणि पूर्ण बंद होते का, हेही बघावं. तपासायला यंत्र लागत नाही. बोट लागतं.

आणि ट्रक. डिसेंबर 2023च्या अधिसूचनेने 1 ऑक्टोबर 2025पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. उशिरा का होईना, फार चांगला निर्णय. इंजिनच्या उष्णतेशेजारी बारा-चौदा तास बसणाऱ्याला एसी म्हणजे चैन, असं म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात जळगाव ते अकोला एकदा केबिनमध्ये बसून यावं. पण एसी बसवला म्हणजे वारा पोचला असं होत नाही. लांब पल्ल्याच्या ट्रकवर दोघे असतात, एक चालवतो तेव्हा दुसरा सीटमागच्या फळीवर झोपतो. त्याची झोप नीट झाली तरच पहाटे चारला स्टिअरिंगवर बसलेला माणूस जागा असणार. तिथे वारा कसा न्यायचा आणि चालवणाऱ्याला गार न करता झोपलेल्याला किती द्यायचा, हा अगदी जाळीचाच प्रश्न आहे.

चाकणला गेल्या दिवाळीआधी एका वाहनतळावर चहा पिताना एक नवा, एसी केबिनचा ट्रक बघायला मिळाला. ड्रायव्हर बीडचा, पन्नाशीचा. मी जाळ्यांकडे टक लावून बघतोय हे पाहून तो म्हणाला, "काय काका, आरटीओचे का?" नाही म्हटल्यावर त्याने वर बोलावलं. डॅशबोर्डच्या डाव्या जाळीवर त्याने वॉशिंग मशीनचा पन्हाळीसारखा वळ्यावळ्यांचा पाइप चिकटपट्टीने बसवला होता. तो सीटच्या कडेने मागे फळीपर्यंत गेलेला. तिथे पाइपच्या तोंडाला सोड्याच्या बाटलीचा गळा कापून लावला होता, झाकणासकट. "पोरगा झोपतो ना हितं," म्हणाला. क्लीनर म्हणजे त्याचाच पोरगा. मग चहाचा कप एका हातात तसाच धरून, माझ्याशी बोलता बोलता, मागे न बघता त्याने दुसऱ्या हाताने झाकण फिरवून काढून दाखवलं आणि पुन्हा लावलं.